बिशपचं स्नानकुंड

"इथे बिशप स्नान करायचे," रावसाहेब दिघे म्हणाले आणि त्यांनी काठीच्या टोकाने माझ्या पायाखालचा खड्डा दाखवला.

मी त्या खड्ड्यात छातीपर्यंत उतरलेलो होतो. गोल, दगडी चिऱ्यांनी बांधलेला, नऊ-दहा फूट रुंद, निम्मा मातीने बुजलेला. माझा डावा हात भिंतीतून आत आलेल्या एका पाइपवर होता. भाजलेल्या मातीचा, तपकिरी, चकचकीत, सहा इंची पाइप. असा पाइप मी आयुष्यात एकाच कामासाठी वापरलेला पाहिला आहे, आणि ते काम स्नानाचं नाही. पण तसं म्हणायची ही वेळ नव्हती, कारण रावसाहेबांच्या शेजारी प्रोफेसर चित्रे उभे होते आणि वहीत लिहून घेत होते.

ही एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा लायसन्स्ड प्लंबर होतो. प्लंबर म्हटलं की लोकांना गळका नळ आठवतो. लायसन्स म्हणजे नकाशावर सही करण्याचा अधिकार. घरातलं घाण पाणी कुठून निघतं आणि कुठे जिरतं, हे दाखवणारा नकाशा माझ्यासारख्याच्या सहीशिवाय म्युनिसिपल ऑफिसात कुणी हातात घेत नसे. अंधेरीतल्या गोरे नावाच्या कंत्राटदाराकडे मी नोकरीला होतो. काम गोऱ्यांचं, सही माझी.

बंगला अंधेरी स्टेशनच्या पूर्वेला, दोनेक मैल आत, भातखाचरांच्या मधल्या एका उंचवट्यावर होता. मुंबईत प्लेग होता तेव्हा पैसेवाले शहर सोडून इकडे पळाले. त्यांतल्या एका पारशी शेठने तो बांधला. पुढे त्याची मुलंबाळं हवापालटाला येत. महायुद्धात लष्कराने तो ताब्यात घेतला, युद्ध संपल्यावर सोडला, आणि मग दारं-खिडक्या वाळवीच्या हवाली करून तो पडून राहिला. घराचा इतिहास एवढाच. माझ्या मते तो पुरेसा होता.

रावसाहेबांच्या मते नव्हता. त्यांनी बंगला घेतला होता हॉटेल काढायला. सांताक्रूझचा विमानतळ जवळ, तिथे उतरणारे परदेशी वैमानिक आणि प्रवासी यांना राहायला जागा हवी. शिवाय दारूबंदी असली तरी परदेशी पाहुण्याला परमिटवर दारू मिळत असे, हाही हिशेब होताच. एका विमान कंपनीशी बोलणी चालू होती. पण परदेशी माणसाला नुसती खोली चालत नाही, त्याला इतिहास लागतो, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. म्हणून चित्रे. हे गृहस्थ शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेले. प्रोफेसर ही पदवी त्यांना रावसाहेबांनीच दिली होती. खुद्द रावसाहेबांना पदवी देणारे केव्हाच बोटीत बसून मायदेशी गेले होते, पण पदवी इथेच राहिली होती आणि दारावरच्या पितळी पाटीवर रोज घासली जात होती.

चित्र्यांनी तीन आठवड्यांत चार शतकं मागे मजल मारली. बंगल्याच्या जोत्याखाली पोर्तुगीज मठ होता, असं त्यांचं म्हणणं. पुरावा विचारला की ते म्हणत, "दगड बघा." दगड कुर्ल्याच्या खाणीतला होता, तसाच माझ्या चाळीलाही लागलेला होता. मग त्यांना मागच्या अंगणात हा खड्डा सापडला आणि बिशप आले.

दोघं चहाला गेल्यावर मी खड्ड्यातून वर आलो. तिथे रोजामावशी केरसुणी घेऊन उभी होती.

बंगल्याच्या मागे उताराला एक बावडी होती आणि बावडीपलीकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचं पंचवीस-तीस घरांचं गावठाण. आडनावं परेरा, डिमेलो, बोली मात्र अस्सल साष्टीची मराठी. बावडी बंगल्याच्या हद्दीत, पण पाणी भरायचा हक्क गावठाणाचा. पारशी शेठने तो केव्हाच मान्य केलेला होता. नळ अजून तिथवर पोचला नव्हता, त्यामुळे पिण्याचं पाणी तेवढंच. रोजामावशी त्याच गावठाणातली. रावसाहेबांनी तिला झाडलोटीला ठेवली होती. पन्नाशीची, काटक, फारसं न बोलणारी बाई.

"त्यात काय शोधतो रे?" तिने विचारलं. "सोल्जरांचा संडास होता तो. साठ-सत्तर सोल्जर होते हितं."

मी म्हटलं, मलाही तेच वाटलं होतं. मग तिने पुढचं सांगितलं, केर काढता काढता. सोल्जर आले त्या वर्षी बावडीच्या पाण्याला वास यायला लागला. मग गावठाणात ताप आला. तिचा आंतोन सहा वर्षांचा होता, तो गेला. लष्कराचा डॉक्टर येऊन बघून गेला आणि म्हणाला, तुम्ही डुकरं पाळता, पाणी उकळत नाही, घाण तुमचीच आहे.

"खरं असंल," मावशी म्हणाली. "मी त्याला उकळलेलं पाणी नव्हती देत. कोण देतं?"

बारा-तेरा वर्षं ती हे मानून चालली होती. मी जागा बघितली. खड्डा चढावर, बावडी उतारावर, मधे जेमतेम पंचवीस फूट आणि खाली फुटका मुरूम.

आता थोडं कामाचं सांगतो. उपनगरात तेव्हा गटारांची लाइन नव्हती. घरोघरी टोपलीचे संडास असत. हॉटेलला ते चालणार नव्हते, बारा खोल्यांना बारा फ्लशचे संडास हवे होते. फ्लशचं पाणी आधी सेप्टिक टँकमध्ये जातं, तिथे गाळ बसतो, आणि उरलेलं पाणी शोषखड्ड्यात सोडतात. शोषखड्डा म्हणजे दगडविटांचा, तळ नसलेला खड्डा. पाणी त्यातून जमिनीत जिरतं. नियम साधा आहे. शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास-साठ फूट दूर हवा, आणि विहिरीपेक्षा उतारावर हवा, वर नको. या बंगल्यात तशी एकच जागा होती. पुढची हिरवळ, फाटकाजवळ.

नकाशात मी तीच दाखवली आणि मागचा खड्डा संडासाचा होता, हेही रावसाहेबांना सांगितलं. रावसाहेबांनी नकाशा बघितला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच हिरवळीवर बसणार आहे.

"साटम, तिथे गार्डन पार्टी होणार आहे," ते म्हणाले. "मागे खड्डा तयार आहे ना? तुम्हीच म्हणता तो संडासाचा होता. मग वापरा."

"पण तो बिशपचा आहे ना?" मी विचारलं.

रावसाहेबांना यात काही अडचण दिसली नाही. खड्ड्यावर सिमेंटचा स्लॅब टाकायचा, त्यावर संगमरवरी पाटी बसवायची, कडेने गुलाब लावायचे. वर इतिहास राहील, खाली पाणी जिरेल. चित्र्यांनाही अडचण दिसली नाही. उलट स्लॅबमुळे मूळ वास्तूचं जतन होईल, असं ते म्हणाले. इतका सोयीस्कर बिशप मी पुढे कधी पाहिला नाही.

मी गोऱ्यांकडे गेलो. गोरे वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त कुठलंही काम दोनदा करायला आवडत नसे.

"अरे, बावडी त्यांची, खड्डा त्यांचा. तुझं काय जातं?"

"सही माझी जाते. आणि पाणी गावठाण पितं."

"खाली खडक असला तर नाही जाणार तिकडे."

"मुरूम आहे."

"तुला दिसतं का जमिनीखालचं?"

हे खरं होतं, दिसत नव्हतं. म्हणून मी टेस्ट मागितली. आमच्याकडे एक रंगाची पूड असते. कोरडी असताना विटकरी, पाण्यात पडली की झगझगीत पोपटी. माणसाला अपाय करत नाही. संशयाच्या खड्ड्यात ती टाकायची, वरून भरपूर पाणी ओतायचं आणि विहिरीवर लक्ष ठेवायचं. पोपटी दिसलं की वाट सापडली.

गोरे म्हणाला, मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत काय ती टेस्ट कर, पण गुपचूप. शनिवारी विमान कंपनीचा साहेब चहाला येतोय, त्याला मंजुरीला निघालेले नकाशे दाखवायचेत. रंग दिसला तर रावसाहेबांशी मी बोलेन. नाही दिसला तर शनिवारी सकाळी मुकाट्याने सही.

मी कबूल झालो. मंगळवारी खड्ड्यातली माती उपसली, रंग टाकला, बारा पिंपं पाणी ओतलं. गावठाणात कुणालाही सांगितलं नाही. रंग निरुपद्रवी आहे, उगाच घबराट नको, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे गोऱ्याने गुपचूप म्हटलं होतं आणि मला नोकरी प्यारी होती.

रोज सकाळी आणि दुपारी मी बावडीवर जाई, एक बादली काढी आणि काचेच्या ग्लासात धरून उजेडात बघे. बुधवारी स्वच्छ. गुरुवारी स्वच्छ. शुक्रवारीही स्वच्छ. शनिवारी सकाळी मी सही केली. मनात थोडी खुटखुट होती, पण टेस्ट केली होती, कागद साफ होता. मुरुमाखाली खडक असणार, गोऱ्याचं बरोबर असणार, असं म्हणून मी पेनाला टोपण लावलं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला हिरवळीवर टेबलं मांडली होती. विमान कंपनीचा परदेशी साहेब आणि त्याची मॅडम, रावसाहेब, चित्रे, गोरे. बाथरूम दाखवायला मी. ऊन अजून होतं. चहा झाला, केक झाला आणि मग सगळे मागच्या अंगणात बिशप बघायला निघाले. टेबलही मागे नेलं, चहाची दुसरी किटली आली. चित्रे इंग्रजीतून सांगत होते. बिशप रोज पहाटे इथे उतरत, पाणी मस्तकी लावत, वगैरे. मॅडमने विचारलं की खड्ड्याच्या तळाला हिरवट काय आहे. चित्रे म्हणाले, शेवाळ, फार पुरातन.

तेवढ्यात बँडचा आवाज आला.

मागच्या कुंपणाच्या फाटकातून गावठाण आत येत होतं. पुढे क्लॅरिनेट आणि ढोल, मागे लाल लुगड्यातल्या बायका, डोक्यावर तांब्याच्या घागरी. रावसाहेबांचा चेहरा उतरला. चित्र्यांचा उजळला. मी जवळच्या माळ्याला विचारलं, हे काय. तो म्हणाला, उंबराचं पाणी. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी असं वाजतगाजत बावडीवर येतात, पाणी नेतात आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. उद्या रोजाबाईच्या पोरीचं, फिलूचं लग्न आहे.

मला हे माहीत नव्हतं. मी गिरगावात वाढलेला, मूळचा मालवणकडचा. तीन महिने त्या बाईशी रोज बोलत होतो, पण तिच्या घरी लग्न आहे का, हे विचारायचं सुचलं नव्हतं. आणि दुसरी गोष्ट मला त्याच क्षणी कळली, ती माझ्या धंद्यातली होती. मी बावडीत डोकावलो, तर पाणी नेहमीच्या पातळीच्या चार हात खाली गेलं होतं. लग्नाच्या मांडवासाठी, स्वयंपाकासाठी सकाळपासून गावठाण पाणी उपसत होतं. विहीर उपसली की तिच्यातली पातळी उतरते आणि ती चारी बाजूंनी जमिनीतलं पाणी आत ओढते. मी तीन दिवस भरलेल्या, शांत विहिरीतून एकेक बादली काढून बघत होतो. विहिरीला तहान लागल्यावर ती कुठून पिते, हे मी तपासलंच नव्हतं. मिशा फुटल्यापासून हे काम करत होतो आणि एवढी साधी गोष्ट चुकलो होतो.

रोजामावशीने स्वतः दोर सोडला. घागर वर आली. शेजारच्या बाईने दुसरी घागर पुढे केली आणि मावशीने ओतलं.

पाणी पोपटी होतं. उतरत्या उन्हात झगझगीत.

मॅडमने टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, लग्नाचं म्हणून रंगवलंय. चित्रे लगेच सरसावले आणि म्हणाले की हिरवा रंग सुफलतेचा, ही प्रथा थेट बिशपच्या काळापासून चालत आली आहे. बँड थांबला होता. बायका घागरीत बघत होत्या. फिलू मागे उभी होती, ती रडायला लागली.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मंगळवारी मी खड्ड्यावर पिंपं ओतत होतो तेव्हा ती तिथेच झाडत होती.

"साटम, काय केलास तू?"

गोऱ्याने माझा दंड धरला. मी सोडवून घेतला. माझा राग नेमका कुणावर होता ते मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक त्या शेवाळावर.

"मावशी, मी मागच्या खड्ड्यात रंग टाकला होता. पाणी कुठे जातं ते बघायला. तो बावडीत आला."

"म्हणजे त्या खड्ड्यातलं पाणी आमच्या बावडीत येतं."

"येतं."

ती चढावरच्या खड्ड्याकडे वळली. मग म्हणाली, "तवापण येत असंल."

"हो," मी म्हटलं. "तेव्हाही येत असणार."

पोपटी घागर कमरेवर घेऊन ती टेबलापाशी गेली, केकच्या शेजारी ती ठेवली आणि एक रिकामा कप भरला. तो तिने रावसाहेबांसमोर सरकवला.

"घ्या. आधी तुम्ही प्या. मंग मी माझ्या पोरीला न्हाऊ घालीन."

रावसाहेब माळ्याला हाका मारू लागले. विमान कंपनीच्या साहेबाने मला विचारलं, ही बाई काय म्हणते. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. खड्डा कुणाचा, कशाचा, बारा खोल्यांचं काय त्यात सोडायचं ठरलंय, आणि मी सकाळी कशावर सही केली आहे. बिशपचंही सांगितलं. साहेब शांतपणे ऐकत होता. मग त्याने आपल्या हातातल्या कपात बघितलं आणि विचारलं, हा चहा कुठल्या पाण्याचा आहे?

बेअरर म्हणाला, "बावडी का, साब. दूसरा पानी किधर है?"

मॅडम ओकायला गुलाबांच्या वाफ्याकडे धावली. साहेबाने कप ठेवला, हॅट घेतली आणि दोघं मोटारीत बसून गेले.

पुढचं थोडक्यात. म्युनिसिपल ऑफिस शनिवारी अर्धा दिवस, त्यामुळे माझी सही केलेला नकाशा गोऱ्याच्याच टेबलावर पडून होता. मी तो त्याच्यासमोर फाडला आणि त्याने मला नोकरीवरून घालवलं. विमान कंपनीने रावसाहेबांना कळवलं की पाण्याची व्यवस्था नियमाप्रमाणे झाल्याशिवाय बोलणी होणार नाहीत. मग हिरवळ खणली गेली. जो नियम गावठाणाच्या पोरांसाठी पाळता येत नव्हता, तो एका मॅडमच्या पोटासाठी आठ दिवसांत पाळता आला. मागचा खड्डा दगड आणि चुना घालून बुजवला. हॉटेल निघालं, काही वर्षं बरं चाललं. चित्र्यांचं माहितीपत्रक आधीच छापून झालेलं होतं, संगमरवरी पाटीही कोरून आलेली होती, ती फुकट जाऊ नये म्हणून हिरवळीवर नव्या स्लॅबवर बसवली. लोक तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढत. खाली नवा शोषखड्डा होता. तेवढा मात्र नियमाप्रमाणे.

फिलूला दीड मैलावरच्या दुसऱ्या गावठाणातून पाणी आणून न्हाऊ घातलं. बँड तेवढा चालला म्हणे. तिच्या लग्नाच्या आदल्या दिवसाची मी माती केली, याची मला लाज वाटली आणि अजून वाटते. एका माणसाने चार दिवस आधी जाऊन दोन वाक्यं सांगितली असती तर हे झालं नसतं, आणि तो माणूस मी होतो. पुढे तीस वर्षं धंदा केला. कुठल्याही विहिरीची टेस्ट घेताना आधी ती दिवसभर उपसायला लावत असे. आणि त्याच्याही आधी वस्तीत जाऊन विचारत असे, कुणाकडे लग्न आहे का.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी रोजामावशी पत्ता शोधत गिरगावात माझ्या चाळीत आली. तोवर ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. चहा नको म्हणाली. तिला एक कागद हवा होता.

"लिवून दे मना," ती म्हणाली. "तो खड्डा वरती होता, बावडी खालती होती, पाणी येत होतं. माझ्या डुकरांनी नाय झालं. सही कर, आन तुझा लायसनचा नंबर टाक."

मी विचारलं, कुणाला दाखवायचंय. कोर्टात याचा काही उपयोग होणार नाही, हेही सांगितलं.

"कोणाला नाय दाखवायचा. आंतोनच्या फोटोच्या मागं ठेवीन."

मी लेटरहेड काढलं. खड्डा, बावडी, अंतर, उतार, मुरूम, सगळं लिहिलं. खाली सही केली, नंबर टाकला, शिक्का मारला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून दोनदा वाचून दाखवलं. तिने कागदाची घडी घातली आणि ती गेली.

त्या बंगल्याचा इतिहास म्हणून जे जे कागद झाले, त्यांतला खरा तेवढा एकच.